पिस्टन नवा टाकला तरी मशीन पुन्हा जाम: टू-स्ट्रोकचं पेट्रोल-ऑइल नेमकं कुठे चुकतं

पावसाळा लागला की दोन तक्रारी हमखास येतात. एक: ग्रास कटर किंवा पाठीवरचा फवारणी पंप चालता चालता एकदम थांबला, दोरी ओढली तर हलतच नाही, पिस्टन-सिलिंडरचा किट बदलला आणि थोड्याच दिवसांत परत तेच. दुसरी: मशीन धूर ओकतंय, प्लग काळाकुट्ट होतो, पुसून लावला की थोडा वेळ चालतं आणि पुन्हा बसतं. वरवर पाहिलं तर दोन्ही तक्रारी एकमेकींच्या उलट. पहिलीत ऑइल कमी पडलेलं, दुसरीत जास्त झालेलं. पण बहुतेक वेळा दोन्हींचं मूळ पेट्रोलच्या कॅनमध्ये निघतं. दुकानात मशीन येतं, कॅन घरीच राहतो. मेकॅनिक पार्ट बदलतो, गिऱ्हाईक पैसे मोजतं, आणि घरी गेल्यावर कॅनमधलं तेच उरलेलं पेट्रोल नव्या पिस्टनवर पडतं.

आमच्याकडे सोलापुरात दुकानावर सांगोला-मंगळवेढ्याचे डाळिंबवाले येतात, मोहोळ-पंढरपूरकडचे ऊसवाले येतात, आणि शहरातले बंगल्याच्या आवारातलं गवत कापणारेही येतात. मशीनं वेगवेगळी, कंपन्या वेगवेगळ्या, पण बोलणं साधारण असंच होतं:

"मालक, ऑइल टाकतोय की बराबर!"
"किती टाकता?"
"झाकणभर."
"कुठल्या झाकणानं?"

इथे गाडी अडते. त्या झाकणाकडे येतोच, पण त्याआधी एक गोष्ट पक्की करून घ्या.

मशीन टू-स्ट्रोकच आहे ना?

हसू नका. आता पाठीवरचे पंप आणि कटर फोर-स्ट्रोकमध्येही सर्रास मिळतात आणि लांबून दोन्ही सारखेच दिसतात. फोर-स्ट्रोकला इंजिनच्या बुडाशी ऑइल भरायचं वेगळं बूच असतं, बऱ्याचदा त्यालाच ऑइल मोजायची पट्टी असते. त्याच्या पेट्रोलमध्ये काही मिसळायचं नाही. टू-स्ट्रोकला असं वेगळं बूच नसतं. टाकीच्या झाकणावर पेट्रोल पंपाच्या चित्राशेजारी थेंब काढलेला असतो किंवा 1:25, 1:50 असा आकडा कोरलेला असतो, म्हणजे एक भाग ऑइलला तितके भाग पेट्रोल. घरात दोन्ही प्रकारची मशीनं असतील तर घोटाळा ठरलेलाच. भाऊ फवारणीला जाताना जो कॅन हाताला लागेल तो उचलतो, नाहीतर मोटारसायकलच्या टाकीत नळी घालून तोंडानं ओढून पेट्रोल काढतो. ते साधं पेट्रोल टू-स्ट्रोकमध्ये गेलं की त्या पिस्टनचं आयुष्य मिनिटांत मोजायचं.

कारण सरळ आहे. फोर-स्ट्रोकमध्ये ऑइल खालच्या चेंबरमध्ये साठलेलं असतं आणि तिथून ते फिरत राहतं. टू-स्ट्रोकमध्ये तो चेंबर पेट्रोल-हवेचं मिश्रण आत ओढून वर ढकलायच्या कामी येतो, तिथे ऑइल साठवता येतच नाही. क्रँकचं बेअरिंग, कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग, पिस्टनचा घेर या सगळ्यांना जे काही वंगण मिळायचं ते पेट्रोलबरोबरच मिळायचं, आणि काम झालं की ते जळून सायलेन्सरमधून बाहेर. कटरचं इंजिन पूर्ण रेसला मिनिटाला सात-आठ हजार फेरे सहज मारतं. त्या वेगाला वंगण तुटलं की ॲल्युमिनियमचा पिस्टन तापून फुगतो आणि बोअरला, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीला, चिकटतो.

नवा किट घेण्याआधी सायलेन्सर काढून आत डोकवा

हे काम पाच मिनिटांचं आहे आणि त्यावरून बरंच कळतं. मशीन थंड झालं की सायलेन्सरचे दोन बोल्ट सोडवा. मागे सिलिंडरला चौकोनी-लंबगोल भोक दिसेल, तोच धूर बाहेर जायचा एक्झॉस्टचा पोर्ट. प्लग काढून ठेवा म्हणजे दाब राहणार नाही. दोरी हळूहळू ओढा आणि मोबाईलचा टॉर्च आत मारून पिस्टनची बाजू पाहा.

पिस्टन गुळगुळीत, थोडा तपकिरी, रिंगा पोर्टमधून दिसताना बोटानं किंवा काडीनं दाबल्या की आत जाऊन परत येतात: पिस्टन ठीक आहे, दोष दुसरीकडे शोधा. सायलेन्सरच्याच बाजूला उभे ओरखडे, चांदीसारखं चकाकणारं ॲल्युमिनियम घासून पसरलेलं: इंजिन फाजील तापलं. तिथे पेट्रोल कमी आणि हवा जास्त पडली, नाहीतर सिलिंडरला गार ठेवणाऱ्या पट्ट्या गवतानं बुजल्या. ओरखडे चारही बाजूंना, मिश्रण आत येतं त्या इनटेककडेही तितकेच: ऑइल मिळालंच नाही, साधं पेट्रोल गेलं. आणि इनटेकच्या बाजूला बारीक, मळकट, पॉलिश पेपरनं घासल्यासारखी झीज: ती धूळ. आपल्या काळ्या रानातली उन्हाळ्यातली भुकटी फाटक्या एअर फिल्टरमधून आत गेली. त्यात ऑइलचा दोष काडीचाही नाही आणि ऑइल वाढवून ती थांबणारही नाही.

हे न बघता नुसत्या रिंगा बदलणारा मेकॅनिक भेटला तर मशीन परत घेऊन या. चिकटलेल्या बोअरवर नव्या रिंगा टाकणं म्हणजे पैसे पाण्यात. बोअरच्या आतला कडक थर शाबूत असेल तर त्यावर चिकटलेलं ॲल्युमिनियम काढून सिलिंडर वाचतो. थर सोलला असेल तर सिलिंडरही बदलावाच लागतो.

आता झाकण

थंड पेयाच्या प्लास्टिक बाटलीचं बूच सिरिंजनं मोजून पाहा. त्यात जेमतेम सहा-सात मिली बसतं. ऑइलच्या डब्याचं झाकण त्यापेक्षा मोठं, आणि डब्याडब्यागणिक वेगळं. पुन्हा "भर" म्हणजे काठोकाठ की आतल्या रेघेपर्यंत, हे ज्याचं त्यानं ठरवायचं. एक लिटर पेट्रोलला पेयाचं एक बूच टाकणारा माणूस मनातून निर्धास्त असतो, कारण ऑइल तर टाकलंय. प्रत्यक्षात पडलं 1:150 च्या आसपास. असं मशीन पहिल्या दिवशी बसत नाही. दोन-चार टाक्या चालतं, मग मे महिन्याच्या भर दुपारी, पूर्ण रेसला, बसतं. म्हणून मालकाला खरं कारण सापडत नाही.

दुसरा घोळ आकड्याचा. 1:50 वाचून काही जण लिटरला 50 मिली टाकतात आणि 1:25 वाचून 25 मिली. नेमकं उलटं. समोरचा आकडा मोठा तितकं ऑइल कमी. 1000 ला त्या आकड्यानं भागा, आलेलं उत्तर म्हणजे एका लिटरला लागणारे मिली:

1:25 – लिटरला 40 मिली, 5 लिटरला 200
1:30 – लिटरला 33 मिली, 5 लिटरला 165
1:40 – लिटरला 25 मिली, 5 लिटरला 125
1:50 – लिटरला 20 मिली, 5 लिटरला 100

जुन्या पुस्तकांत टक्के लिहिलेले असतात. 2 टक्के म्हणजे 1:50, 4 टक्के म्हणजे 1:25.

मोजायला मेडिकलमधून 50 मिलीची सिरिंज आणा, सुई नको. किंवा खोकल्याच्या औषधाबरोबर येणारी मिलीच्या रेघा असलेली वाटी घ्या. फवारणीच्या औषधाचं माप मात्र वापरू नका. ते पाण्यानं विसळलेलं असतं, तळाशी औषधाचा राप असतो, आणि ते सगळं पेट्रोलमध्ये उतरतं.

पेट्रोलही मापानंच घ्या. आपली सवय पैशात मागायची, "दोनशेचं द्या". भाव शंभराच्या वर गेल्यापासून दोनशेचं पेट्रोल दोन लिटर भरत नाही. तो फरक किरकोळ आहे, त्यानं इंजिन बसणार नाही. खरा घोळ पुढे होतो. कॅनमध्ये आधीचं अर्धं मिश्रण शिल्लक असतं, त्यावर नवं पेट्रोल येतं, आणि ऑइल कधी सगळ्याच्या हिशोबानं पडतं, कधी विसरतं, कधी बाप आणि लेक दोघांकडून दोनदा पडतं. यावर माझ्याकडे एकच उपाय आहे. कॅनवर कागदी पट्टी चिकटवा आणि प्रत्येक वेळी लिहा: मिक्स, प्रमाण, तारीख. उरलेल्यात भर घालायची नाही. ते संपवा किंवा बाजूला काढा, मग नवं बनवा. लिटरच्या रेघा मार्करनं एकदाच पाणी मोजून ओढून ठेवा आणि कॅन उन्हात कोरडा होऊ द्या.

मिसळायची रीत: आधी निम्मं पेट्रोल, मग सगळं ऑइल, झाकण लावून हलवा, मग उरलेलं पेट्रोल, पुन्हा हलवा. टाकीत ओतण्याआधीही एकदा हलवा. ऑइल थेट मशीनच्या टाकीत ओतून वर पेट्रोल सोडायचं नाही. ते तळाशी बसतं, नळीतून आधी नुसतं ऑइल जातं, प्लग ओला होतो, मशीन सुरूच होत नाही. आणि पुढे ऑइल संपलं की उरलेली टाकी जवळजवळ कोरडी चालते. मशीन गरम असताना टाकी भरू नका. सायलेन्सरवर पेट्रोल सांडलं तर पेटतं, आणि रानात पाठीवर पंप घेऊन पेटलेला माणूस पटकन पट्टे सोडू शकत नाही. बिडी तर दूरच ठेवा.

कुठलं प्रमाण घ्यायचं? मशीनचं पुस्तक सांगेल ते. पण पुस्तकातही खालची ओळ वाचा. स्टील (Stihl) कंपनीच्या पुस्तकात त्यांचं स्वतःचं ऑइल असेल तर 1:50 आणि दुसऱ्या कंपनीचं टीसी दर्जाचं ऑइल असेल तर 1:25 असं लिहिलेलं असतं. हुस्कवर्नाही स्वतःच्या ऑइलला 1:50 आणि इतरांना 1:33 सांगते. म्हणजे मशीन तेच, पण ऑइल बदललं की प्रमाण बदलतं. शेजाऱ्याचं 1:50 चालतंय म्हणून आपणही तेवढंच टाकायचं, यात कितीतरी पिस्टन गेलेत. बाजारात 52 सीसीचे जे स्वस्त कटर मिळतात त्यांच्या स्टिकरवर बहुधा 1:25 असतं. स्टिकर उडालाय, पुस्तक नाही, कंपनी माहीत नाही, अशा वेळी चांगलं ऑइल घेऊन 1:30 धरावं असं माझं मत. धूर थोडा जास्त येईल, प्लग जरा लवकर पुसावा लागेल. पिस्टनच्या किमतीपुढे हे काहीच नाही.

"जास्त ऑइल म्हणजे जास्त सुरक्षित" हे खरं नाही

एकदा पिस्टन गेलेला माणूस पुढच्या वेळी हात सैल सोडतो. लिटरला शंभर मिली ओततो आणि म्हणतो, आता बघू कसा बसतो ते. कार्ब्युरेटरच्या जेटमधून ठरावीक माप जातं. त्या मापात ऑइलनं जागा घेतली की तेवढं पेट्रोल कमी गेलं. 20 आणि 40 मिलीत हा फरक दोनेक टक्क्यांचा, तो मशीन सोसतं. पण 100 मिलीला पेट्रोल नऊ टक्क्यांनी घटतं आणि मिश्रण पातळ पडतं, म्हणजे हवा जास्त, पेट्रोल कमी. अशानं आतली उष्णता वाढते. वर जास्त ऑइलनं पेट्रोल घट्टसर होतं आणि जेटमधून सरकतंही सावकाश. आणि न जळलेलं ऑइल रिंगांच्या खाचेत कोळसा होऊन बसतं, रिंगा अडकतात, सायलेन्सरचं भोक बारीक होतं. इंजिन बसलं की तो माणूस म्हणतो, अजून ऑइल कमी पडलं.

कोळशाचं लक्षण ओळखायला सोपं. मशीन सुरू होतं, साध्या रेसला चालतं, पण ट्रिगर दाबला की घुसमटतं, उचल घेत नाही. सायलेन्सरच्या तोंडाशी ठिणगी अडवायची बारीक जाळी असते, ती काढून बघा. काळी, चिकट, बुजलेली असेल तर गॅसवर भाजून घ्या किंवा ब्रशनं घासा. पोर्टवर कोळसा असेल तर दोरी ओढून पिस्टननं पोर्ट पूर्ण झाका आणि लाकडाच्या काडीनं खरवडा. स्क्रू ड्रायव्हर घालू नका.

बाटलीवर काय वाचायचं

टू-स्ट्रोकसाठी हवं ते ऑइल म्हणजे बाटलीवर टू-टी किंवा टू-स्ट्रोक लिहिलेलं, एपीआय टीसी आणि शक्यतो जासो एफसी किंवा एफडी दर्जाचं. एफबी चालतं, पण धूर आणि कोळसा दोन्ही जास्त. टीसी-डब्ल्यू3 हे अक्षर असेल तर ते बोटीच्या, पाण्यानं गार होणाऱ्या इंजिनाचं ऑइल. हवेनं गार होणाऱ्या तापट कटरला ते नको.

मोटारसायकलचं 20डब्ल्यू-40 टाकणारे भरपूर आहेत. ते ऑइल जळू नये म्हणूनच बनवलेलं असतं. त्यातली जस्तासारखी द्रव्यं जळून राख उरते आणि ती राख प्लगवर बसते. शिवाय ते पेट्रोलमध्ये लवकर मिसळत नाही; टू-टी ऑइल मिसळावं म्हणून आधीच पातळ केलेलं असतं. गॅरेजमधलं जळकं ऑइल फुकट मिळतं म्हणून टाकणाऱ्यांविषयी काय बोलावं? त्यात दुसऱ्या इंजिनाची धातूची भुकटी असते. आपल्या हातानं बेअरिंगला पॉलिश पेपर लावल्यासारखं आहे ते. एरंडेल टाका असं सांगणारे जुने लोकही भेटतात. शर्यतीच्या गाड्यांत ते चालायचं हे खरं, पण ते पेट्रोलमध्ये नीट मिसळत नाही आणि आत चिकट गोंद धरतं. कटर काही शर्यतीला जात नाही.

पेट्रोलच बदललंय

पाच-सात वर्षांपूर्वी हेच मशीन, हेच ऑइल, हेच प्रमाण, आणि काही त्रास नव्हता, असं ज्येष्ठ गिऱ्हाईक म्हणतं तेव्हा ते खोटं बोलत नसतं. 2023 पासून 20 टक्के इथेनॉल मिसळलेलं ई20 पेट्रोल पंपांवर येऊ लागलं आणि 2025 पर्यंत ते देशभर झालं. ऊस आपला, इथेनॉलही आपल्याच जिल्ह्यातल्या कारखान्यांचं, त्यामुळे तक्रार तरी कुणाकडे करायची. टू-स्ट्रोकवाल्यांना त्याचे तीन परिणाम माहीत हवेत.

पहिला, इथेनॉलच्या वजनात जवळपास 35 टक्के ऑक्सिजन असतो. म्हणजे निव्वळ पेट्रोलवर बसवलेलं कार्ब्युरेटर ई20 वर थोडं पातळ चालतं, आणि पातळ म्हणजे तापट. कार्ब्युरेटरला एच लिहिलेला स्क्रू असेल आणि त्यावर प्लास्टिकची टोपी नसेल तर तो पाव आटा सैल सोडून पूर्ण रेस ऐका. आवाज जरासा भरडा, बुडबुडल्यासारखा झाला की बरोबर. शिट्टीसारखा तिखट आवाज असेल तर पातळ आहे. हे कानानं जमत नसेल तर जाणत्याकडून करून घ्या.

दुसरा, जुने रबर. पेट्रोलची नळी फुगते किंवा कडक होऊन चिरते, कार्ब्युरेटरमधला पातळ पडदा ताठ होतो. सुरू होऊन लगेच बंद पडणाऱ्या जुन्या मशीनमध्ये ऑइलला शिव्या देण्याआधी हा पडदा पाहा.

तिसरा आणि सगळ्यात फसवा, पाणी. इथेनॉल पाणी ओढून घेतं. मर्यादेपलीकडे पाणी झालं की इथेनॉल आणि पाणी मिळून तळाशी वेगळा थर होतो, पेट्रोल वर राहतं, आणि टू-टी ऑइल वरच्या पेट्रोलमध्येच राहतं. टाकीतली नळी मात्र वजन लावून तळाशी सोडलेली असते. म्हणजे ऑइल अगदी मापानं टाकलंय, आणि इंजिनात जातंय ते बिनऑइलचं पाणी-इथेनॉल. सोलापूरची हवा कोरडी, कोकणासारखं हवेतून पाणी उतरत नाही. आपल्याकडे ते माणूसच घालतो: विसळलेला कॅन, फवारणीच्या टाकीचा शिंतोडा, पावसात उघडं राहिलेलं झाकण, पिंपाशेजारी ठेवलेला कॅन. डाळिंबावरच्या तेल्या रोगासाठी पावसाळ्यात जिथे वरचेवर फवारण्या होतात, तिथे पंप भरताना पेट्रोलचं आणि पाण्याचं काम एकाच जागी चालतं, त्यामुळे हे जास्त घडतं.

तपासणी अशी करा. कॅनच्या तळाचं थोडं पेट्रोल काचेच्या स्वच्छ, कोरड्या बाटलीत घ्या, झाकण लावून सावलीत थोडा वेळ ठेवा आणि उजेडासमोर धरा. सगळीकडे एकच रंग दिसला तर ठीक. तळाशी आडवी रेघ, खाली फिकट किंवा ढगाळ थर असेल तर ते सगळं टाकाऊ. गाळून, ढवळून ते परत एक होत नाही. मोरीत किंवा ओढ्यात मात्र ओतू नका.

उन्हाळ्यातला कॅन

एप्रिल-मेमध्ये पारा 42-43 च्या पुढे जातो आणि कॅन असतो पत्र्याच्या शेडमध्ये. झाकण जरा जरी ढिलं असेल तर पेट्रोलचा हलका, लवकर पेटणारा भाग उडून जातो. ऑइल उडत नाही. म्हणजे मार्चमध्ये बनवलेलं 1:40 जूनमध्ये उघडाल तेव्हा ऑइल जास्त आणि पेट्रोल मेलेलं असं निघतं. त्यावर मशीन सुरू व्हायला मागत नाही, झालंच तर धूर आणि काळा प्लग. वास घेतला तरी कळतं: ताज्या पेट्रोलचा झणका जाऊन रंगासारखा, जुनाट वास येतो. बनवलेलं मिश्रण महिनाभरात संपवावं, आणि उन्हाळ्यात पंधरा दिवसांतच. लागेल तेवढंच बनवणं हे सगळ्यात स्वस्त. थंड पेयाच्या बाटलीत ठेवू नका. उन्हात ती फुगते, बूच गळतं, आणि घरात लहान मूल असेल तर रंगीत बाटली पाहून ते काय करेल सांगता येत नाही.

प्रमाण बरोबर, तरी तक्रार आहे?

मग प्लग काढा. चॉकलेटी-तपकिरी: सगळं जागेवर. ओला, तेलकट काळा: ऑइल जास्त, किंवा चोक ओढलेला राहिला. कोरडी काजळी: पेट्रोल जास्त किंवा एअर फिल्टर तुंबलेला. पांढरा, भाजल्यासारखा: पातळ चालतंय, लगेच थांबा. फट साधारण 0.6 मिमी.

ट्रिगर सोडला तरी रेस खाली येत नाही, वरच लटकून राहते, तर कुठूनतरी फुकटची हवा आत शिरतेय. कार्ब्युरेटरमागचा रबर चिरलाय, गॅस्केट फाटलंय किंवा क्रँकचं सील गेलंय. हे मशीन चालवत राहिलात तर जगातलं सर्वोत्तम ऑइल घालूनही पिस्टन वाचणार नाही. गार करणाऱ्या पट्ट्यांमधलं गवत आणि माती दर वेळी काढा. कटरचं कव्हर चार स्क्रूंचं असतं, पण वर्षानुवर्षं कुणी ते उघडत नाही. आणि काम संपलं की पूर्ण रेसवरून थेट बटण बंद करू नका. मिनिटभर साध्या रेसला चालू द्या, म्हणजे पंख्याची हवा पिस्टनपर्यंतची उष्णता काढून नेते.

जुन्या स्कूटरवाल्यांसाठी थोडक्यात. पूर्वी पेट्रोल पंपावरच टू-टीचं छोटं यंत्र असायचं, तिथला पोरगा मापानं ऑइल सोडायचा. आता ते काम तुमचं. चेतकसारख्या गाडीला 2 टक्के, म्हणजे लिटरला 20 मिली. पेट्रोल भरायला उभं राहण्याआधी ऑइल टाकीत सोडा, वरून जोरानं पडणाऱ्या पेट्रोलनं ते ढवळलं जातं. तरी गाडी एकदा डावीउजवीकडे हलवून मग किक मारा. कटरला ही रीत चालत नाही, कारण तिथे टाकी एवढीशी आणि नळी तळाशी. यामाहा आरएक्स 100 ला ऑइल आपोआप सोडणारा ऑटोल्यूबचा वेगळा पंप आणि वेगळी ऑइल टाकी. पण विकत घेतलेल्या जुन्या आरएक्समध्ये आधीच्या मालकानं तो पंप काढून टाकलेला असतो आणि सांगायचं राहून जातं. अशी जुनी गाडी घेतलीत तर आधी ऑइलची नळी कुठे जाते ते बोटानं माग काढून बघा, आणि ती कुठेच जात नसेल तर पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायला लागा.

हंगाम संपल्यावर मशीन टांगून ठेवायचं असेल तर टाकी पूर्ण रिकामी करा, मग मशीन सुरू करून कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल संपून ते आपोआप बंद पडेपर्यंत साध्या रेसला चालवा. प्लग काढून भोकातून चमचाभर टू-टी ऑइल सोडा, दोरी दोन-तीनदा हळू ओढा, मग प्लग परत बसवा आणि दोरी पुन्हा हळू ओढून जड लागेल त्या ठिकाणी सोडा. पुढच्या पावसाळ्यात पहिल्यांदा सुरू करताना धूर येईल. तो दोन-तीन मिनिटांत जातो.